दुपारचं भेव

सरकारी दवाखाना, वाशीम
घटस्थापना, गुरुवार

मी नर्सले चावली हे तुले कोणं सांगतलं, ते आधी सांग. कोणं म्हणजे तुह्या बापानंच. जगदेव वॉर्डाच्या दाराशी उभा राहून फोनवर बोलून राह्यला होता आन मी डोळे मिटून पडली होती. डोळे मिटले म्हणजे बुढी झोपली, असं आपल्या घरात सगळ्याइले वाटते. आन मंग तू हासला. फोन त्याच्या कानाले, पण हासणं माह्या खाटेपर्यंत आलं. दोन महिने झाले, तुह्या तोंडचा एक शबद नाही, आन आवाज आला त हा.

देवानंदले मनकर्णाचा आशीर्वाद. नातवाले द्याचा असते म्हणून देते, त्याच्यात आणखी काही पाहू नको.

चावली त चावली. मांडीचं हाड मोडलं, त्याच्या ऑपरेशनसाठी मले सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. ही नर्स उशाकडून आली. पायाचा आवाज नाही, तोंडाचा आवाज नाही, आन रबराचा हातमोजा घातलेला हात एकदम माह्या तोंडात. म्हणे, कवळी असली त आधी काढा लागते. मले कवळी नाही. मले तीन दात आहेत आन तिन्ही कामाचे आहेत, हे तिले समजलं. अंगठा टम्म सुजला तिचा. ऑपरेशन पुढं ढकललं, कारण माह्या छातीची धडधड काही केल्या खाली येईना.

आता तू म्हणशीन बुढीचं डोकं गेलं. तुह्या मायच्या मनात बी तेच आहे. ललिता डबा आणते, वाटी ठेवते आन तोंड फिरवून बसते. "घ्या" आन "ठेवा" याच्यापुढं तिनं दोन महिन्यांत मले काही म्हटलं नाही. तिचं पोरगं माह्यामुळं घर सोडून चाकणले गेलं म्हणते. पोलिसाइनं धरून सोडल्यावर पोरगं सोताच्या पायानं गेलं. मी पोलिसाले जे दिसलं ते सांगतलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ज्यानं माह्या तोंडावर हात दाबला आन पायातले चांदीचे तोडे ओढून नेले, त्याचा हात रबराचा होता. फवारणी करणारे घालतात तसा. आन तुह्ये फवारणीचे हातमोजे कोठ्यातल्या खुंटीवर ओले लटकले होते. मी म्हटलं, "हेच ते हात." दुसरं काय म्हणावं?

हे तुले नव्यानं सांगाची गरज नाही. तुले माहीत आहे. किती माहीत आहे, तेवढंच मले माहीत नाही.

पाय कसा मोडला म्हणशीन, त आंगणात शेण होतं. त्याच्यावरून घसरली.

आता मुद्द्याचं. चावा घेतला त माणूस आरडते, शिव्या देते, डॉक्टरपाशी जाऊन रडते. हिनं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगठ्याले पट्टी बांधून आली, स्टूल ओढलं, माह्या समोर बसली आन म्हणे, "आजी, काल तुम्हाले काय आठवलं?" चावल्यावर बी ज्याले राग येत नाही, त्याचा काहीतरी मतलब असते. सुकेशनी नाव सांगते. कारंज्याची म्हणते. तू दोन वर्षं कारंज्याले आयटीआयले होता. म्हणजे एक त हिले पोलिसाइनं बसवलं, नाही त तू.

ह्या नर्सले ओळखतो का, एवढंच लिही. पत्रच लिही. फोनवर मी येणार नाही, फोनात धा जण कान लावून असतात. माह्यं लिहिणं तिसरीपर्यंतचं आहे, तरी वाचता येईन एवढं आहे. कागद बाजूच्या खाटेवरच्या गोमतीबाईचा घेतला. तिनं इचारलं, "कोणाले लिहिता बाई एवढं?" मी म्हटलं, "सरकारले."

मनकर्णा


दवाखाना, वाशीम
मंगळवार

उत्तर नाही. पत्र पोचलं नाही, का पोचून चुलीत गेलं? तिकडे चूल नसन, गॅस असन. कागद त्याच्यावरही जळते.

ऑपरेशन झालं. मांडीत सळई टाकली. आता मेल्यावर मले जाळलं त राखेत सळई सापडन, ती तुह्या बापानं भंगारात इकू नये.

ही सुकेशनी माह्यावर पाळत ठेवून आहे, याच्यात आता शंका नाही. रातीले आख्खा वॉर्ड कण्हते. गोमतीबाई त हाताचं हाड मोडलं असून पोटुशी असल्यावानी कण्हते. मी चूप पडून असते. रातीचं मले काही वाटत नाही. माणसं असतात, दिवा असते, कोणी ना कोणी खोकलते. पण दुपारी भेटणारे लोक बाहेर काढले, झाडूवाली गेली, जेवणाच्या ताटाइचा आवाज बंद झाला, नुसता पंखा फिरून राह्यला, की ही बरोबर येते. नाडी धरते. काल म्हणे, "आजी, तुमची नाडी रातीले बरी, सकाळी बरी. दुपारीच काहून पळते?"

मी म्हटलं, "जेवण पचून राह्यलं."

"आज त तुम्ही जेवल्याच नाहीत."

पाह्यलं? माह्ये घास मोजते.

मंग म्हणे, "आजी, शेणावरून घसरल्या असं लिहिलं आहे. तुम्हाले आणलं तवा लुगडं मीच कापून काढलं होतं. शेण नव्हतं त्याले."

आपल्या पोलिस चौकीतला जमादार हिच्यापुढं लेकरू आहे. मी डोळे मिटून घेतले. पण हिले ते कळते, झोपलेलं कोण आन मिटलेलं कोण. ती उठली नाही. खिशातली बडीशोप काढून चावत बसली आन हळूहळू इचारत गेली. झोप लागते का. लागली त मोडते का. तेच तेच सपन येते का. मांगून कोणी आलं त काय होते. पहिले जे आवडाचं ते आता आवडते का.

तिले मी काही सांगतलं नाही. तुले सांगते, कारण तुह्यं घरी बोलणं म्हणजे बापाशी फोनवर दोन शबद, म्हणजे गोष्ट फुटाची नाही. पोळ्याले तुह्या मायनं पुरण केलं, ते मले मातीवानी लागलं. वाटलं हिनं मुद्दाम काही घातलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरचं खाल्लं, तेही मातीच. मंग मी खाणंच सोडलं. घरातल्या कडीले पितळी लोटा बांधून ठेवते, कोणी दार लोटलं की वाजते. तुह्या बापाले वाटते बुढी जादूटोणा करून राह्यली.

आता नर्स काय करते, ऐक. माह्यी खाट तिनं फिरवून घेतली. आता मले दार समोर दिसते, पाठीशी भिंत. मी सांगतलं नव्हतं. येते त पायथ्याशी उभी राहते, आपलं नाव सांगते, दोन्ही हात वर करून दाखवते, जसा चोर पोलिसापुढं दाखवते. मंग काय करणार ते सांगते. मंग करते. बाकीच्या नर्साइलेही तिनं असंच शिकवून ठेवलं. परवा एक नवी पोट्टी दाराशीच हात वर करून उभी राह्यली. गोमतीबाई म्हणे, "अवं, ह्या बाईपाशी बंदूक हाय काय?"

मी सुकेशनीले म्हटलं, "घाव धुवाचा त बिना हातमोज्याचा धू."

"ते जमत नाही आजी. घाव पिकन. पण तुम्ही म्हणाल तवाच घालीन, तुमच्या समोर घालीन."

बसली मंग हातमोजे मांडीवर ठेवून. बाकीचे पेशंट हाका मारून राह्यले, आन ही बसली. शेवटी मीच म्हटलं, "घाल." तिनं घातले. मी भेली नाही. चादर ओली झाली ती गर्मीनं.

गोमतीबाई म्हणते, "सिस्टरचा तुमच्यावर लय जीव हाय." मी म्हटलं, "जीव नाही, नजर आहे." एवढी सेवा फुकट कोणी करत नाही. तिले माह्या तोंडून काहीतरी काढाचं आहे. पोलिसासाठी का तुह्यासाठी, तेवढं लिही.

मनकर्णा


दवाखाना, वाशीम
दसऱ्याचा दुसरा दिवस, रविवार

तुही माय सोनं घेऊन आली. आपट्याचं पान माह्या उशाशी ठेवलं. हातात नाही देलं. मी म्हटलं, "मले हात आहेत." ती डबा धुवाले गेली.

आज तक्रार दुसरी आहे. त्या नर्सनं माह्ये प्रश्न चोरले.

गावात लेकरू भेलं की मायबाया त्याले कोणाकडे आणतात? माह्याकडे. इळा चुलीत लाल करते, लोट्यातल्या पाण्यात इझवते, ते पाणी पाजते, भेव निघते. तू बी पेला आहेस. चौथीत असताना बैल उधळून अंगावर आला होता, चार दिवस तू गोठ्याकडे पाठ करून जेवे. पण पाणी कोणालेही पाजत नाही मी. आधी मायले प्रश्न इचारते. नुसतं हट्टी असलं पोरगं त दोन चापटा, आन भेलेलं असलं त पाणी. हे ओळखणं हेच काम आहे, इळा त कोणीही तापवते.

हे गोमतीबाईले मी येळ जात नाही म्हणून सांगतलं, आन तिच्या पोटात पाणी ठरत नाही. दुपारी सुकेशनी आली, नाव सांगतलं, हात दाखवले, आन म्हणे, "आजी, तुम्ही भेव काढता म्हणे. मायले काय काय इचारता?"

मले वाटलं, शिकू दे बिचारीले. बोटावर मोजून सांगाले लागली. झोपेत ओरडते का. मांगून हाक मारली त दचकते का. जिथं भेलं, त्या जाग्यावरून जाते का वळसा घालून जाते. खेळते का नुसतं बसून राहते. आवडीचं देलं त खाते का. आपल्या माणसाच्या अंगावर धावते का. चावते का.

तिथं माह्यं बोट थांबलं.

तिनं अंगठा मुठीत घेतला, जसं काही मी पाह्यलाच नव्हता.

मी म्हटलं, "हे तू माह्येच प्रश्न चोरले."

"कॉलेजात शिकवतात आजी."

"मंग कॉलेजानं चोरले."

म्हणे, तुमच्याकडे पोरगं आणलं असतं आन मायनं एवढ्याले "हो, हो" म्हटलं असतं, त काय केलं असतं? मी म्हटलं, "मी पोरगं नाही, मले सळई टाकली आहे." ती हासली नाही. तू हासला असता.

मंग तिनं त्या बिमारीचं इंग्रजी नाव सांगतलं, चार अक्षराइचं. माह्या तोंडात ते बसत नाही, दातच तेवढे नाहीत. म्हणे लढाईवरून आलेल्या शिपायाइले होते, गाडी पलटली त त्यातल्या लोकाइले होते, घरात कोणी अंगावर हात टाकला त होते. त्या माणसासाठी ती गोष्ट सरत नाही, त्या येळेले, त्या वासाले ती पुन्हा होते. मी म्हटलं, "धसका म्हण ना सरळ." म्हणे, "हो, धसका. फक्त हा आपोआप उतरला नाही." गुरुवारी इथं मनाचा डॉक्टर येते, त्याच्यापुढं बसा म्हणे. मी म्हटलं, "येड्याइचा?" म्हणे, "मनाचा." दोनदा तसंच बोललो आम्ही, मंग ती दमली आन म्हणे, "येड्याइचाही तोच, बरं. पण तुम्ही या."

तुले म्हणून सांगते, आंगणात शेण नव्हतं. रस्त्यानं कोणीतरी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चालला होता. बॅटरीवाला. त्याची ती घूं आवाजाची मशीन. मी दार लावाले धावली, उंबरठ्यात पाय अडकला. भेली नव्हती. दार लावाले धावली होती.

पण तिची एक गोष्ट माह्या मनात रुतली. म्हणे, "भेलेल्या माणसाले सगळेच चोर दिसतात आजी. तोही बिमारीचाच भाग आहे." सगळेच म्हणजे? म्हणजे मले जे दिसलं ते दिसलं नाही? हे तिनं कोणासाठी म्हटलं? कोणाले सोडवाले म्हटलं?

म्हणून पुन्हा इचारते. ओळखतो का हिले?

मनकर्णा


दवाखाना, वाशीम
कोजागिरी, बुधवार

तुह्या बापानं निरोप आणला. "नर्सले ओळखत नाही. पत्रं येऊ द्या." एवढाच. फोनवर एवढं बोलता येते त कागदावर लिहाले काय हात मोडले? पण पत्रं फाडत नाहीस, हे समजलं.

आता नीट वाच. एका दमात वाच आन मंग पुन्हा वाच.

आज दुपारी ती आली. पायथ्याशी उभी राह्यली, नाव सांगतलं, हात वर केले. पट्टी काढलेली होती. अंगठ्याचं नख काळंनिळं, बुडाशी दाताची खूण. रोज ते पाहते मी, पण आज ऊन खिडकीतून बरोबर त्याच्यावर पडलं होतं. आन माह्या तोंडात चव आली. रबराची. रबराच्या मांगं मीठ. मंग हाड.

देवानंद, मी त्याले चावली होती.

पोलिसाले मी हे सांगतलं नव्हतं. लपवलं नाही, मले आठवतच नव्हतं. मले आठवाचं ते एवढं: आंगणात एक जण आला, तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला, पाठीवर पंप, हातात रबराचे मोजे. श्रावणात आपल्या गावात असे पन्नास फिरतात, मायनं पोटचं ओळखू नये असे. पाणी मांगतलं. मी लोटा घ्याले वळली. मांगून हात आला. त्याच्यानंतर वास. वासानंतर एकदम तू. मधलं काही नाही. जसं वहीचं पान फाडलं. म्हणून मी हाताले हात जोडला. रबराचा हात गेला आन तुहा आला, म्हणजे तो तुहाच.

मधलं पान आज आलं. त्याचा अंगठा माह्या तोंडात घुसला होता आन मी दात मिटले, जेवढं होतं नव्हतं तेवढं जोर लावून. तो कुत्र्यावानी केकाटला. माह्ये तवा चार दात होते. ढकललं तवा पडून दात गेला, असं मी सगळ्याइले सांगत आली. पडून नाही गेला. त्याच्या हातात गेला.

मी नर्सले सगळं सांगतलं. आन मंग मलेच शक आला. एवढे दिवस नव्हतं ते आज कुठून आलं? मी हिले चावली, म्हणून माह्या मनानं त्यालेही चावून घेतलं का? मी तिले इचारलं, "हे खरं का मी बनवलं?"

तिनं "खरं" म्हटलं असतं त मी समजली असती की तिले पढवलं आहे. तिनं तसं म्हटलं नाही. म्हणे, "मी सांगू शकत नाही आजी. अशी आठवण तुटून जाते आन तुकड्यानं परत येते. कधी जशीच्या तशी येते, कधी दुसऱ्यात मिसळून येते. मी तिथं नव्हती."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मले म्हटलं की मले माहीत नाही. डॉक्टर म्हणत नाही, जमादार म्हणत नाही, तुहा बाप त कधीच म्हणत नाही. तवा मले वाटलं, ही कोणाची माणूस नसावी. वाटलं, एवढंच. पक्कं काही नाही.

आता पुढचं. दुपारी तू वावरातून आला, मी तशीच पडून. तू घागर उचलली, ओंजळीनं माह्या तोंडात पाणी सोडलं. तुह्ये हात उघडे होते. बोटाइच्या भेगात औषधाचा पिवळा रंग होता, हे मले तवाही दिसलं होतं, आन मी ते तुह्या इरोधात धरलं होतं. पण अंगठे दोन्ही माह्या डोळ्यासमोर होते. ओले. नख धड, कातडी धड. चावलेल्या हातानं कोणी ओंजळ धरत नाही.

हे मी तुले सोडून देलं म्हणून लिहित नाही. पुरावा पाहाचा आहे अजून. तुह्ये हातमोजे पोलिसाइनं नेले होते, ते त्याइच्यापाशीच असतीन. मी चावली असन त रबरावर खूण असन. खूण असली त तू समजून घे. नसली त मी समजून घेईन.

उद्या गुरुवार आहे. तो मनाचा डॉक्टर. जाणार आहे. गोमतीबाईले सांगतलं की डोळ्याचा आहे.

मनकर्णा


मेडशी, घरी
धनतेरसच्या आदल्या दिवशी, सोमवार

आता घरी आहे. चार पायाची लोखंडी काठी घेऊन चालते. तुहा बाप म्हणते, बुढीले खुर्चीवानी पाय आले.

मनाच्या डॉक्टरनं अर्धी गोळी देली आन पंधरा दिवसानं पुन्हा बोलावलं. त्यानंही तेच प्रश्न इचारले. मी म्हटलं, "लिहा, सगळ्याले हो. चावते बी." निघताना सुकेशनी दारापर्यंत आली. मी तिले म्हटलं, "तुह्या अंगठ्याचं वाईट वाटते असं मी म्हणणार नाही." ती म्हणे, "नका म्हणू. नख येऊन राह्यलं." मंग म्हणे, दुपारी एकट्या बसू नका, आन बसल्या त काय वाटते ते कोणाले तरी सांगा. कोणाले सांगू, ते तिनं सांगतलं नाही.

शनिवारी जगदेवनं मले ऑटोत घालून चौकीवर नेलं. तुही माय बी आली, न इचारता. भाऊसिंग जमादार चहा पेत होता. मी म्हटलं, "ते हातमोजे काढा."

"आजी, तो मुद्देमाल आहे. पिशवी मोहोरबंद आहे. उघडता येत नाही."

"उघडाले कोण म्हणते? पिशवीतून दिसते ना? अंगठा पाहा."

त्याले वाटलं येडी आहे. पण तुही माय त्याच्याकडे जशी पाहून राह्यली होती, त्यानं उठून पिशवी आणली. दिव्याखाली धरली. फिरवली. मी म्हटलं, दुसरा अंगठा. त्यानं दुसरा पाह्यला. दोन्ही धड. चीर नाही, दाताची खूण नाही. मी त्याले चावल्याचं सांगतलं, दात दाखवले, जिथं चौथा होता तो खड्डा दाखवला.

तो म्हणे, "चोर दुसरे हातमोजे घालून आला असन. मंग हे धड राहतीन."

मी म्हटलं, "हातमोजे दुसरे आणन. अंगठा दुसरा कुठून आणन? पोरानं त्याच दुपारी ह्याच हातानं मले पाणी पाजलं. तुम्ही बी त्याले त्याच दिवशी धरलं होतं. त्याच्या हातावर घाव होता का?"

त्यानं जुनी कागदं काढली. बराच येळ वाचत राह्यला. घाव लिहिलेला नव्हता. मंग म्हणे, "पण आजी, तुम्हीच छातीठोक सांगतलं होतं, हेच ते हात म्हणून. आता म्हणता, ते हात नाहीत. मी वरती काय लिहू? पहिली जबानी खोटी का दुसरी?"

मी म्हटलं, "दोन्ही खऱ्या. पहिली भेवानं देली होती. दुसरी मी देऊन राह्यली."

त्यानं तसंच नाही लिहिलं, आपल्या भाषेत लिहिलं. माह्याकडून वाचून घेतलं. अंगठा लावाले डबी पुढं केली, मी ढकलून सही केली. अंगठ्याचं नाव आता कोणी काढू नये माह्यापुढं.

तो चोर मात्र अजून मोकळा आहे. म्हणून मी घरी येणाऱ्या एकएकाचा अंगठा पाहते. दूधवाला, पोस्टमन, सरपंच, कोणालेही हात पुढं कर म्हणते. आता एवढ्या दिवसानं खूण काय राह्यली असन, पण पाहते. सुकेशनीले तुह्या बापाच्या फोनवरून हे सांगतलं, ती म्हणे, हेही त्यातलंच आहे आजी, कमी करा. कमी केलं. आता फक्त अनोळखीचा पाहते. आन सरपंचाचा.

चौकीवरून घरी आलो. मी बाजेवर पडली. दुपार होती, गाव वावरात सोयाबीनच्या मांगं, गल्लीत कुत्रं नाही. तुहा बाप वावरात गेला. मले वाटलं आता तुही माय बी जाईन. ती गेली नाही. सैपाकघरात काहीतरी खुडबुड करत राह्यली. मंग चर्र आवाज आला. तो आवाज मी हजार वेळा काढला आहे, पण दुसऱ्या खोलीतून कधी ऐकला नव्हता.

लोटा घेऊन आली. माह्यापुढं धरला. "घ्या."

मी म्हटलं, "आधी इचारा लागते. न इचारता पाजलं त गुण येत नाही."

ती उभीच राह्यली. मले वाटलं चालली. मंग ती जमिनीवर बसली आन म्हणे, "झोपेत ओरडता का?"

"तुले माहीत आहे. तू बाजूलेच निजते."

"ओरडता," ती म्हणे. "देवानंदचं नाव घेऊन ओरडता."

हे मले कोणी सांगतलं नव्हतं. दोन महिने हे तिच्यापाशी होतं. मी इचारलं, "कशी ओरडते? चोरावर ओरडतात तशी?"

ती म्हणे, "नाही. पाणी मांगाले आवाज देतात तशी."

पाणी गंजकट लागलं. इळा घासला नव्हता. पुढच्या वेळेस घासून घेजो, म्हटलं तिले. ती म्हणे, "तुम्हीच घासा, हात चांगले आहेत ना." तीन महिन्यांत ते तिचं सगळ्यात लांब वाक्य.

आता उत्तराचं. जगदेवनं फोन कानाले लावून मले निरोप सांगाचा नाही. चाकणच्या कोणा दोस्ताच्या हातानं लिहून घ्याचं नाही. तू सोता लिहाचं, आन मले नाही, तुह्या मायले लिहाचं. ती मले वाचून दाखवन. भर दुपारी वाचन, माह्या बाजेशेजारी बसून, आन मधात मी इचारीन तेवढ्या वेळा थांबन. आन तुले हासाचंच असन, त फोनात हासू नको. इथं येऊन हास.

मनकर्णा